कोणते काळे?

"आडनावबी चोरलेलंच हाय की हिचं."

चेअरमन हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्या दूध डेअरीच्या ओट्यावर उभी होते. पायाशी माझी पर्स उलटी पडलेली. कंगवा, रुमाल, भाकरीचा डबा, आणि बापासमोरही झाकून ठेवायच्या बायकांच्या चार गोष्टी. किटल्या घेऊन आलेली माणसं बघत होती. चेअरमनच्या बायकोचा, काकूंचा, मोबाइल सापडत नव्हता. झडती फक्त माझी झाली.

मी आष्टी तालुक्यातली. पारध्याची. आडनाव काळे. चेअरमनचंही काळेच.

आमच्याकडे नुसतं आडनाव सांगून सुटका नसते. काळे म्हटलं की लगेच, कोणते काळे? गाव कोणतं? मामे कोण? कारण काळे ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत आणि आमच्यातही आहेत. माणसाला कुठं बसवायचं, चहा कोणत्या कपात द्यायचा, ते त्यावर ठरतं.

बारावीनंतर मी या डेअरीत दुधाचं फॅट बघायच्या कामाला लागले. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं, "मामे कोण गं तुजे?"

"भोसले."

खरं तेच सांगितलं. आमच्यात भोसलेही आहेत. पण काकूंना ते त्यांच्यासारखे मराठ्यांतले भोसले वाटले, त्या एकदम खुलल्या. "मंग पाहुणेच की आपले!" मला ओढून पलंगावर बसवलं, फुलांच्या कपात चहा दिला. पुढं तर पुतण्यासाठी स्थळ म्हणून माझ्याकडं बघायला लागल्या. मी रोज ठरवायची, आज सांगून टाकू. जीभच उचलायची नाही. इतकी भ्यायले होते मी.

भिणं आमच्यात लहानपणीच शिकतात. कुठंही चोरी झाली की पोलिसांची जीप आमच्या पालावर यायची. आवाज ऐकला की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून आम्हाला तुरीच्या शेतात पळवायची. काय केलं होतं आम्ही? काहीच नाही. तरी पळायचं. धाकट्याचं तोंड मी हातानं दाबून धरायची.

झडती झाली त्या दिवशी मी डबा घरी विसरले. दादा, म्हणजे माझे वडील, तो द्यायला डेअरीत आले. दूध घालणाऱ्या एकानं त्यांना ओळखलं. "आरं, हा तर पारधी!" दुपारी काकूंचा मोबाइल हरवला. सकाळपर्यंत मी पाहुणी होते.

संध्याकाळी मोबाइल गोठ्यात वैरणीखाली सापडला. चेअरमन एवढंच म्हणाले, "काम कर. पण उद्यापासून पावतीवर तुजं आडनाव नको. नुसतं पहिलं नाव टाक. लोक आमची पाहुणी समजत्यात."

दुधाच्या पावतीखाली फॅट बघणाऱ्याचं नाव छापून येतं. गावात माझं नाव लिहिलेलं तेवढं एकच ठिकाण.

घरी दादा म्हणाले, "टाक की बाई नुसतं नाव. जीप नको दारात." मान खाली घालूनच बोलले. मला त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला, तो जास्त. पर्स उलटी कर म्हणताच मी माझ्याच हातानं केली होती. कावून, कशासाठी, एवढंही विचारलं नव्हतं.

सकाळी पावतीच्या मशीनमध्ये पूर्ण नाव टाकलं. माझं, दादांचं, आणि काळे. दोनदा चुकलं, पुन्हा टाकलं. पहिली किटली चेअरमनच्याच म्हशींची असते. त्यांनी पावती वाचली.

"काढ म्हनलं होतं न्हवं?"

"कावून?"

तोंड उघडलंच होतं, मग थांबले नाही.

"चोरलेलं न्हाई, माज्या आज्याचं हाय. पारध्याचे काळे आमी. काढायचंच आसंल तर लेखी द्या. कावून ते बी लिहा."

त्यांनी पावती चुरगाळून फेकली. लेखी काही दिलं नाही, अजून तरी.

जीप येईल असं रोज वाटतं. रस्त्यावर गाडी थांबली की मी मान वर करून बघते. डेअरीच्या मागं तुरीचंच शेत आहे, पाय तिकडं ओढतात. पण मी पळणार नाही. पोलीस आले तर इथंच बसलेली सापडेन. नाव विचारलं तर पूर्ण सांगीन. आणि मग मी त्यांना विचारीन, कावून आलात.