वरची कातडी, आतली गाठ

वाघोलीत जुन्या गाड्या घेऊन-विकून मी उभा राहिलो. समोरच्याचा पहिला शब्द कधी शेवटचा मानला नाही. बायकोच्या मानेतल्या गाठीला रेडिएशन सुरू झालं आणि अर्ध्या वाटेत तिची कातडी काळी पडून सोलायला लागली, तेव्हाही मानला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम झाली तर उपचार थांबवावे लागतील, आणि थांबले तर गाठीला फावेल. डोसचा हिशोब करणाऱ्या फिजिसिस्ट बाईंना मी गाठलं आणि रोजचा डोस थोडा कमी करा म्हणालो.

"अहो, वर कमी केला की आत गाठीलाही कमीच पोचणार. दोन्हींचं प्रमाण बांधलेलं आहे."

"कुणी बांधलं?"

"तुम्ही नाही आणि मीही नाही."

हा टोमणा मी गिळला. मग त्यांनी समजावलं. या किरणांचा सगळ्यात जास्त डोस कातडीवर पडत नाही, तिच्या थोडा खाली पडतो, म्हणून कातडी बचावते. तिथून खोल जाताना त्यातला किती टक्के उरतो, त्यावरून गाठीचा हिशोब बसवलेला असतो. तिथे घासाघीस नाही. पण हिची कातडी हिशोबापेक्षा जास्तच भाजली होती. त्यांनी हिलाच विचारलं, मानेवर काही लावता का?

लावत होती. धायरीची माझी थोरली बहीण मदतीला येऊन राहिली होती. ती रोज सकाळी मुलतानी मातीचा जाड लेप थापायची, थंडाव्यासाठी. किरणांना तो थर म्हणजेच कातडी. त्याखाली खऱ्या कातडीला सगळ्यात जास्त मारा बसत होता.

माझं डोकं फिरलं. "तुमची माणसं हिला रोज टेबलावर झोपवतात. एवढा चिखल एकालाही दिसला नाही?"

दिसला होता. त्यांना ते औषध वाटलं. गाडी कुठे लावायची यावरून रोज माझ्याशी वाद घालणाऱ्या इस्पितळाच्या माणसांना हे विचारायला तोंड नव्हतं. बाईंनी माफी मागितली. मला ती अजून पुरलेली नाही.

दुसऱ्या सकाळी आक्काच्या हातातली वाटी मी काढून घेतली. ती भडकली. "म्या भाजलं व्हय तिला?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "आक्का, तुम्हाला कुणी काही म्हणत नाही. बसा, चहा घ्या. आणि अहो, तुम्ही गाडी काढा."

उरलेले दिवस ती उपचारांना तशीच कोरड्या मानेने गेली. कातडी काळीच राहिली, पण जखम झाली नाही आणि उपचार अर्धवट सुटले नाहीत. शेवटच्या दिवशी तिने तिथल्या सगळ्यांना पेढे वाटले. मी गाडीतून उतरलो नाही.