शेवटच्या डब्यातले मामा

आमच्या हिच्या मामांइतका प्रवास करून मामांइतकं कमी पाहिलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मामा मालगाडीचे गार्ड होते. इगतपुरी ते भुसावळ हा रस्ता त्यांनी चौतीस वर्षं शेवटच्या डब्यातून पाहिला, म्हणजे प्रत्येक गाव त्यांना गाडी पुढे निघून गेल्यावरच दिसलं. नांदगावबद्दल विचारलं तर म्हणायचे, "थांबवतात फार." देवळाली कॅम्पाविषयी त्यांचं मत असं होतं, की फलाट लांब आहे. फलाटाच्या पलीकडे गाव असतं हे त्यांनी ऐकलेलं होतं, आणि त्यावर त्यांचा अविश्वासही नव्हता. पण ड्यूटी सोडून ते पडताळायला कधी गेले नाहीत.

रिटायर होऊन ते नाशिकरोडला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा डबा सुटला होता, पण जागा सुटली नव्हती. चार माणसं कुठे निघाली, की मामा चौथे. वरातीत नवरदेव घोड्यावर, वऱ्हाडी त्याच्या मागे, आणि बत्त्या डोक्यावर घेतलेल्या माणसांच्याही मागे मामा, सगळे नीट येताहेत ना हे बघत. रस्ता ओलांडताना ते दोन्ही बाजूंना पाहून हात वर करत आणि मगच "चला" म्हणत. त्याआधी कुणी पाऊल टाकलं, तर त्याच्याशी दिवसभर बोलत नसत. एकदा सिनेमा सुटल्यावर शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत ते रांगेच्या टोकाशी उभे राहिले. दारावरच्या माणसाला वाटलं, मालकांपैकी कुणीतरी असावेत. त्याने सलाम ठोकला. मामांनी तो घेतला.

या सगळ्याचं मामींना काही वाटत नसे असं मी समजत होतो. एकदा त्या भाजी निवडता निवडता हिला म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचा चेहरा मला नीट फोटोतच बघायला मिळतो. एरवी मागून आवाज येतो."

पंच्याऐंशीच्या सुमाराला मला एलटीसी, म्हणजे ऑफिसची प्रवास-सवलत, मिळाली. कोचीनहून बोटीने बेटांवर जायचं ठरवलं, आणि सहज म्हणून मामा-मामींना विचारलं. मामा प्रश्न ऐकून विचारात पडायच्या आत मामी म्हणाल्या, "येणार. मला समुद्र बघायचाय. बघून लगेच निघायचं नाही. तिथं बसायचंय."

बोट मामांना पटली नाही. चढल्या चढल्या ते तडक मागच्या टोकाला गेले. तिथे एक खलाशी दोर गुंडाळत होता. मामांनी त्याला विचारलं, "पीछे कौन रहता है?"

खलाशी म्हणाला, "पीछे पानी रहता है, साब."

एवढी मोठी गाडी आणि तिला गार्ड नाही, याचा मामांना धक्का बसला. त्या क्षणापासून जबाबदारी कुणाची, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने एका बेटापासून लांब नांगर टाकला. बोटीवरच्या साहेबांनी सांगितलं, "दिवसभर किनाऱ्यावर आराम करा. शेवटची होडी चार वाजता सुटेल." मामांनी यातलं दुसरं वाक्य ऐकलं. होड्यांतून आम्ही बेटावर उतरलो, तेव्हा मामा धक्क्यावर उभे राहून माणसं मोजत होते. बत्तीस भरली.

पांढरी वाळू, वाकलेले माड, आणि कुणीतरी बादलीभर नीळ ओतावी तसं पाणी. लोक पाचच मिनिटांत निवांत झाले. मामा तेवढे फुलपँट, बूट आणि छत्री अशा थाटात धक्क्याच्या टोकाला बसले, बेटाकडे पाठ आणि बोटीकडे तोंड करून.

मी म्हणालो, "मामा, जरा वाळूत तरी या. बोट कुठे जात नाही, नांगर टाकलाय."

"ब्रेक मीही लावायचो," मामा म्हणाले. "गाडी तरीही सरकते."

दुपारी दशम्याही त्यांनी तिथेच खाल्ल्या. मामी मात्र सकाळीच नऊवारीसकट पाण्यात बसल्या होत्या. आम्ही जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून नुसता हात हलवला.

चार वाजले. सगळे होड्यांत चढले. शेवटच्या होडीशी मामांनी मोजणी संपवली आणि त्यांचा चेहरा उतरला. "एकतीस," ते म्हणाले. मग सगळ्या तोंडांवरून पुन्हा नजर फिरवून, अगदी हळू, "ही कुठंय?"

त्यानंतर मामा पळाले. मामांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. छत्री धक्क्यावरच राहिली. "अगं ए!" अशी हाक मारत ते माडांमधून धावत होते, आणि मी त्यांच्या मागे होतो. किनारा जिथे वळतो तिथे मामी दिसल्या. छातीएवढ्या पाण्यात त्या स्वस्थ बसल्या होत्या. मामांना आधी श्वासच घेता येईना.

"होडी सुटतेय," ते म्हणाले.

"सुटू दे."

"शेवटची आहे."

"असू दे. मला अजून बसायचंय."

मामांनी घड्याळ पाहिलं, धक्क्याकडे पाहिलं. "किती वेळ?"

"तुम्ही बसा, मग सांगते."

 मग त्यांनी बूट काढले, मोजे त्यांत कोंबले, मनगटावरचं घड्याळ काढून मोज्यांवर ठेवलं, आणि फुलपँटसकट पाण्यात शिरून मामींच्या शेजारी बसले.

मी धक्क्यावर परतलो. होडीतले एक गृहस्थ जहाज चुकेल म्हणून कावले होते. होडीवाल्याला मी खुणेने वळण दाखवलं. त्याने थोडं पुढे जाऊन डोकावून पाहिलं, परत येऊन विडी पेटवली आणि म्हणाला, "बैठने दो."

वीस-पंचवीस मिनिटांनी दोघं आली, ओलीचिंब, शेजारी शेजारी चालत. बूट मामींच्या हातात होते. होडी सुटली तेव्हा कुणी माणसं मोजली नाहीत.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्ये एकदा मामींना मी विचारलं, "त्या दिवशी पाण्यात बसून मामा काय बोलले हो?"

मामींनी आठवून पाहिलं. "काही नाही. पाणी कोमट आहे, म्हणाले."

मग म्हणाल्या, "दोनदा म्हणाले."