वळणापर्यंत

माझा मामा सुतार. बाजारात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. खिडकीची चौकट बसवून झाली, गिऱ्हाईक खूश होऊन चहा पाजून मोकळं झालं, तरी हा पुन्हा गुडघ्यावर बसून फटीत नख घालणार आणि म्हणणार, "इथं जरा फट राहिलीय. उद्या येतो." आणि उद्या खरंच यायचा. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मामी सांगायची, "मला अजून पास केलेलं नाही यांनी."

मामी त्याच्याच कारखान्यात बसून तयार मालाला पॉलिश पेपर मारायची. तीस वर्षं मारला. डोक्याला फडकं असायचं, नाकाला काही नसायचं. तेव्हा ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तिने नवऱ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. एखादी जुनी गाडी घ्यायची, आत दोन पलंग आणि एक शेगडी बसवायची, आणि वसंतात निघायचं. रोज नव्या ठिकाणी थांबायचं आणि शेताशेतांतून पायी भटकायचं. मामाने पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन आणली आणि म्हणाला, "दोन महिन्यांत तयार करतो."

त्याला अकरा वर्षं लागली. आधी कपाटं झाली. मग वळणावर कपाटांची दारं उघडतील म्हणून नव्या कड्या आल्या. मग फळ्या करकरतात म्हणून सगळी जमीन उखडली. दर वसंतात मामी बॅग भरायची, मामा म्हणायचा, "अर्धवट गाडीत तुला कशी बसवू? पुढच्या वर्षी नक्की," आणि मामी बॅग रिकामी करायची. मी एकदा भांडलेही. "मामा, मामीला फिरायला जायचंय. तू काय गाडी उजवायला काढली आहेस का?" त्याने कानावरची पेन्सिल काढली, फळीवर रेघ मारली आणि मला पाणी आणायला पाठवलं.

मग डॉक्टरांनी सांगितलं की मामीची फुप्फुसं आखडत चालली आहेत. लाकडाचा भुसा. मागे फिरायची वाट नाही. मामा घरी आला, कारखान्याला कुलूप लावलं आणि अकरा वर्षं जी गाडी होत नव्हती ती नऊ दिवसांत पुरी केली. त्याला स्वतःला गाडी चालवता येत नाही. मी शाळेची बस चालवते, शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून स्टिअरिंगवर मी.

निघायच्या दिवशी पायरीपाशीच घोडं अडलं. मामीचा पाय पायरीपर्यंत पोचेना. आम्ही दोघांनी धरून तिला आत घेतलं, तर शेगडीचा ओटा तिच्या छातीशी आणि कपड्यांच्या खुंट्यांना तिचा हात पोचेना.

"तुझं माप घेऊनच केलंय सगळं," मामा पुटपुटला.

"कधी घेतलं होतं माप?" मामीने विचारलं.

"गाडी आणली तेव्हा."

पडून राहिलेलं लाकूड कामाला घेताना पुन्हा मोजायचं असतं, हे शिकाऊ कारागिरांना ओरडून सांगणारा हा माणूस. मामी आटली होती, वाकली होती, आणि ती रोज समोर असून त्याला ते दिसलं नव्हतं. मामी हसली आणि हसता हसता खोकली. मामाने भाजीचा क्रेट उलटा घालून पायरी केली.

पहिल्या आठवड्यात आम्ही बऱ्यापैकी फिरलो. मामी पन्नास पावलं चालायची, मामा काखेतलं घडीचं स्टूल उघडायचा, ती बसायची, की पुन्हा पन्नास. बांधावरची इवली निळी फुलं, नुकतीच पालवी फुटलेली कुंपणं, कुणाच्या तरी मेंढ्या. तिला सगळ्याचंच अप्रूप. मी कंटाळायचे, हेही सांगून टाकते. एवढ्याशा वाटेला तास लागायचा आणि माझं लक्ष घड्याळात.

शेवटचा मुक्काम बंद पडलेल्या वीटभट्टीमागे केला. तिथून एक पायवाट दगडी कुंपणाच्या कडेने जरा चढत जायची आणि कुंपण संपलं की डावीकडे वळायची. मामीने खाली उतरून श्वास घेतला आणि म्हणाली, "त्या वळणापलीकडे काहीतरी फुललंय. वास येतोय बघ." मला काही आला नाही. पण तिने ते मनावर घेतलं. वळणापलीकडे जाऊन बघायचं, मगच परत फिरायचं.

पहिल्या दिवशी ती वळणाच्या थोडं अलीकडे थांबली. दुसऱ्या दिवशी निम्म्या वाटेवर. स्टुलावर बसून मामाला म्हणाली, "अहो, तुम्ही जा. काय आहे ते बघून या आणि मला सांगा."

मामा वळणाआड गेला. थोड्या वेळाने मामीला खोकल्याची उबळ आली, म्हणून मी त्याला बोलवायला धावले. तो लांब गेलाच नव्हता. वळणाला लागून, कुंपणाला पाठ लावून बसला होता आणि तोंडात रुमाल कोंबून रडत होता. मला पाहून म्हणाला, "इथपर्यंत तिचा खोकला ऐकू येतो. पुढे नाही येणार." मग तोंड पुसून तिच्याकडे गेला आणि सांगू लागला. पुढे पिवळी फुलं आहेत. गवत साधारण पावणेदोन फूट. कुंपण सरळ रेषेत, काम चांगलं केलंय.

मामी म्हणाली, "फुलांचंही माप काढलंत की."

तिसऱ्या दिवशी तिला गाडीतून उतरवेना. तिने दारात बसून पुन्हा त्याला पाठवलं. तो दिसेनासा झाल्यावर मला म्हणाली, "हे वळणापुढे जात नाहीत. ठाऊक आहे मला."

"मग पाठवतेस कशाला?"

"इथं माझ्यासमोर रडता येत नाही त्यांना." जरा दम घेऊन म्हणाली, "अर्धवट गाडीतसुद्धा आले असते गं मी. नुसत्या पत्र्यावर झोपले असते. पण हे त्यांना सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी आम्ही परत फिरलो. थंडी सुरू होता होता मामी गेली.

पुढच्या वसंतात मामा आपणहून म्हणाला, "गाडी काढ." कुठे, ते विचारावं लागलं नाही. वीटभट्टीमागे गाडी लावली आणि तो पायवाटेने चालू लागला. मी मागे राहिले. वळणाशी तो थबकला, मग पुढे गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी गेले.

कुंपणापुढे वाट जराशी उतरत होती आणि मग डोंगराची अख्खी कूस समोर उघडत होती. जुनी, कुणी न छाटलेली फळझाडं, खालच्या ओढ्यापर्यंत, सगळी पांढऱ्या फुलांनी लगडलेली. वास असा की डोकं जड व्हावं. मामा पहिल्या झाडाखाली उभा होता. खांद्यांवर पाकळ्या पडत होत्या, त्या त्याने झटकल्या नाहीत.

"वळणापासून शहाऐंशी पावलं," तो म्हणाला. "माझी. तेवढं तर मी तिला उचलूनही आणलं असतं. कापसासारखी झाली होती ती." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी बघायलाच आलो नाही गं. पिवळी फुलं सांगत बसलो."

त्याची समजूत घालायला मला तोंडच नव्हतं. तो निदान खोकला ऐकू यावा म्हणून थांबला होता. माझे पाय धड होते, तीन दिवस मी त्याच वाटेपाशी होते, वास येतोय म्हणून मामीने मला सांगितलंही होतं, आणि मीसुद्धा एकदाही पुढे जाऊन पाहिलं नव्हतं.