लपवलेले गळू

कोलशेतच्या शेजारणी आवडाबाईबद्दल म्हणत, "बाळंतिणीच्या घरात ती आली तर चहा द्या आणि लवकर वाटेला लावा. नाय तर नको ते विचारत बसेल." तिचे स्वतःचे पहिले बाळंतपण कसे झाले, हे गावात सर्वांना ठाऊक होते. त्याविषयी बोलत मात्र कोणी नसे.

एक्कावन्न साल असावे. मूल महिन्याचे झाले आणि आवडाबाईला थंडी वाजून ताप भरू लागला. डाव्या स्तनात गाठ धरली होती, ती लाल होऊन ठणकत होती. हे तिने कोणालाही सांगितले नाही. सासूला, रखमाबाईला, फक्त ताप दिसला. तिने सुनेला शहरात टेंभी नाक्याजवळच्या त्र्यंबक डॉक्टरांकडे नेले तेव्हा नवरा धाकू आणि सासरा दोघेही बरोबर होते.

"अंगावर पाजताना दुखतं का?" डॉक्टरांनी विचारले.

आवडाबाईने सासऱ्याच्या पायांकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. "तापच हाय नुसता," रखमाबाईने सांगून टाकले.

पेनिसिलीन तेव्हा नव्याने हाती आले होते. रोज सुई टोचली, ताप उतरला. न दाखवता निभावले, असे आवडाबाईला वाटले. गाठ मात्र आतून मऊ पडून वाढत होती. ती मुलाला उजव्या बाजूलाच घेई. त्याचे पोट भरत नसे आणि ते रडत राही. मग ताप पुन्हा चढला, आधीपेक्षा जास्त.

डॉक्टरांनी या वेळी पुरुषांना बाहेर जायला सांगितले.

"औषध रक्तातून फिरतं, म्हणून ताप उतरला होता," ते म्हणाले. "पण कुठेतरी पू कोंडला आहे. त्याच्या आत रक्त जात नाही, मग औषध कसं जाईल? मिठागराचा बांध बंद असला तर भरतीचं पाणी आत शिरतं का? बांध फोडावा लागतो. जागा दाखवली नाहीस तर मी सुया टोचत राहीन आणि तू जाशील. या पोराचं काय?"

पदरावरची मूठ तिला सोडवेना. शेवटी रखमाबाईनेच पदर बाजूला केला आणि स्वतः भिंतीकडे तोंड फिरवले.

गळू चिरून पू काढला, तेव्हा तेच औषध लागू पडले. पण त्या बाजूचे दूध कायमचे गेले. मूल बरेचसे शेळीच्या दुधावर वाढले. गावात ते कोणापासून लपण्यासारखे नव्हते. "मना तरी सांगायचंस," धाकू एकदाच म्हणाला. पुढे कित्येक वर्षे ती इतर बायकांबरोबर विहिरीवर अंघोळीला गेली नाही.

बऱ्याच वर्षांनी शेजारच्या धोंडीबाची सून जया बाळंत झाली आणि तिला ताप आला. तोही सुयांनी उतरला आणि पुन्हा चढला. हे कानावर येताच आवडाबाई न बोलावता गेली आणि भरल्या घरात जयाजवळ बसली.

"कुठली बाजू ठणकते गं?"

जयाने मान खाली घातली. धोंडीबा चिडला. "चार माणसांत हे इचारतंस? तुला लाज नाय वाटत?"

आवडाबाईचा चेहरा उतरला. त्याच्याकडे न पाहता ती म्हणाली, "वाटते. तेवा वाटली, आज पण वाटते. तू भायेर जा."