चूल फुंकायची नाही

सरक पोरी जवळ. कागदातूनच का होईना, पण सरक. वरच्या जबड्यात हाड भरून घ्यायचं ठरवलंस, आणि मला ते कळतं तुझ्या आईकडून? काऊन बापा, आत्या काय मेली होती?

आई म्हणाली, वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या हाडात, एक पोकळी असते. दाढ जाऊन वर्षं लोटली की तिथलं हाड झिजतं, नव्या दाताच्या स्क्रूला धरायला जागा उरत नाही. मग डॉक्टर त्या पोकळीचा तळ अलगद वर उचलतात आणि खाली हाड भरतात. मला सांगते! त्या रिकाम्या खोलीची आणि माझी ओळख तुझ्या जन्माआधीची आहे.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. हे वारले होते, मूलबाळ नव्हतंच. जानेफळच्या घरात मी एकटी, आणि मळ्यात वांगी. वरची दाढ अशी ठणकायला लागली की शेवटी एसटीनं बुलढाणा गाठलं. डॉक्टरांनी दाढ काढली, तर मुळाला चिकटून हाडाचा तुकडाही आला. चूळ भरली, तर पाणी नाकातून!

"वरच्या पोकळीत भोक पडलंय, बाई," डॉक्टर म्हणाले. टाके घातले आणि बजावलं, "नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. तपकीर बंद. बोलणंसुद्धा जरा कमी."

"घरी बोलाले हायेच कोण?" मी म्हटलं.

ते हसले. मीही हसले, टाक्यांत जमेल तेवढं.

सांगितलेलं सगळं पाळलं हो मी. शिंक आली तेव्हा आ वासून शिंकले. पण सकाळी सरपण ओलं, चूल नुसती धुमसत होती, आणि हात आपसूक फुंकणीकडे गेला. गाल फुगवून फुंकलं, तशी वर गालात फस्स करून हवा शिरली. तोंड खारट झालं. चहाचा घोट घेतला, तो नाकातून उतरला.

पुन्हा बुलढाणा. डॉक्टर तापले. "नाक शिंकरू नका म्हणालो होतो ना?"

"नाही शिंकरलं."

"मग?"

"चूल फुंकली."

त्यांनी टाक्यांसाठी सुई काढली. मग म्हणाले, "घरात दुसरं कोणी नाही का चूल पेटवायला?"

मी नुसता आ वासला. टाके घातल्यावर म्हणाले, या खेपेला भोक बुजलं नाही तर नागपूरला मोठं ऑपरेशन. एसटीत खिडकीशी बसून मी तेच घोकत आले. नागपूरला माझ्यासंगं कोण येणार होतं?

शेजारणीला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती आपली चूल पेटवून माझ्याकडे यायची, फुंकणी घ्यायची आणि धुरात खोकत म्हणायची, "दादल्याची चूल फुंकू का तुही चूल, सांग बरं!"

"माहीच फुंक. तुह्या दादल्याले राहू दे उपाशी."

"हसू नोको बाई, टाके तुटतीन!"

मग दोघींचा चहा. तिची सासू हाका मारीपर्यंत ती बसायची. त्या घरात हे गेल्यापासून सकाळी माणसाचा आवाज नव्हता गं.

भोक बुजलं. डॉक्टरांनी नाक दाबून फुंकायला लावलं, तोंडातून बुडबुडा आला नाही. नागपूर टळलं. मी आनंदानं येऊन शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाप्पा, सासूची बोलणी वाचली." खरंच होतं तिचं, तिलाही तिचं घर होतं.

दुसऱ्या सकाळी फुंकणी मीच उचलली. चूल एका फुंकेत पेटली. चहा मात्र दोन कपांचा झाला.

आता गॅस आहे, फुंकायचं काही नाही. पण तुलाही डॉक्टर तेच बजावतील, शिंकरू नको, जोर लावू नको. आणि त्या शहरातल्या खोलीत तूही एकटीच. तेव्हा टाके घातले की प्रवासाचं डॉक्टरांना विचार आणि सरळ इकडे निघून ये. तुले मऊ भात करून घालते. कपही दोनच काढते. ये गं लवकर.