आमच्या घरी चार बोनस गाणी

जुनाच अल्बम, नवं कव्हर आणि वर ‘तीन बोनस गाणी’ असा पिवळा गोल. अशी सीडी घ्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: नको. मी घेतलेली आहे, म्हणून सांगतो. पहिलं बोनस गाणं म्हणजे रीमिक्स, चांगल्या भाजीवर ओतलेलं तेल. दुसरं तेच गाणं, पण संथ. तिसऱ्यात तर गायिकाच नाही, अल्बममधल्या शेवटच्या गाण्याचं नुसतं म्युझिक. तरीही माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोलाची खरेदी तीच. का, ते आजवर लिहिलं नव्हतं. मी मुळात कमी बोलणारा, आणि हे तर अभिमानाने सांगण्यासारखंही नव्हतं.

मी डुप्लिकेट मालासाठी बदनाम असलेल्या उल्हासनगरचा, बायको अंबरनाथची, शिवमंदिराजवळची. लग्न ठरताना सासरे हसत म्हणाले होते, “उल्हासनगरचा माल आहे, ओरिजिनल आहे ना बघून घ्या रे!” सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य रुतून बसलं.

लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला तिने एकच गोष्ट मागितली. तेव्हा प्रत्येक रिक्षात वाजत होता, तो पॉप अल्बम. “पण कंपनीची कॅसेट हं. डुप्लिकेट नको.”

कंपनीची कॅसेट दुकानादुकानांत संपलेली. वाढदिवस दुसऱ्या दिवशी. शेवटी उल्हासनगर कॅम्पातल्या एका दुकानात मी ती भरून घेतली. दुकानदार म्हणाला, “साईं, कव्हर देखो. कंपनीवाला भी धोखा खाएगा.” कव्हर खरंच झकास होतं. फक्त टेप पंचेचाळीस मिनिटांची, तिच्यात आठवं गाणं मावलं नव्हतं. “आखिरी गाना सुनता कौन है, साईं?”

कव्हरवर मात्र आठही नावं छापलेली. आठवं अगदी कडेला होतं. मी दाढीच्या ब्लेडने ती कड कापली. कॅसेट तिच्या हातात देताना म्हणालो, “ओरिजिनल.”

ती खूश झाली. पुढे आम्ही बदलापूरला, बेलवलीत राहायला गेलो. तिथे सोसायटीच्या वर्धापनदिनाला बायकांची गाण्यांची प्रश्नमंजूषा होती. शेवटचा प्रश्न नेमका या अल्बमवर आला: गाणी किती? हिने तडक हात वर केला. “सात!”

“आठ,” तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आणि आठव्याचं धृपदही गाऊन दाखवलं.

ही धावत वर गेली, कॅसेट घेऊन आली. काकूंनी कव्हर उलटसुलट पाहिलं. “अगं, ही तर उल्हासनगरची ओरिजिनल!” मंडपभर हशा.

“डुप्लिकेट असती तर ह्यांनी सांगितलं असतं,” ही ताठ मानेने म्हणाली. “आमचे हे खोटं बोलत नाहीत.” आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “कंपनीने दोन प्रकार काढले असतील.”

त्यानंतर दरवर्षी वर्धापनदिनाला गाण्यासाठी तिचं नाव पुकारलं जायचं आणि ती म्हणायची, घसा बसलाय. घरात भांडी घासताना मात्र घसा चांगला असायचा. मी ते ऐकायचो आणि पेपर तोंडापुढे धरायचो.

काही वर्षांनी बदलापूर स्टेशनजवळच्या दुकानात ती सीडी दिसली. ही म्हणाली, “तीन गाण्यांसाठी अख्खी सीडी कशाला? बाकीची सात आहेत की घरात.”

सात. अजूनही सातच. इतक्या वर्षांनीही तिचा माझ्यावर विश्वास होता. सीडी घेतली तर ती मोजणार, हे मला कळत होतं. मी पाकीट काढलं.

घरी तिने मागच्या यादीवरून बोट फिरवलं. “सात आणि तीन दहा. इथे अकरा आहेत.”

मग मी सगळं सांगितलं.

“ब्लेडने?” तिने विचारलं.

“हो.”

“दाढीच्या?”

“हो.”

 तिसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवत म्हणाली, “मी तुमच्यासाठी चारचौघांत शब्द दिला होता. आता चारचौघांतच सांगा.”

त्या वर्षीच्या वर्धापनदिनाला मी जन्मात पहिल्यांदा माइक हातात घेतला.  कॅम्पातलं दुकान, छोटी टेप, ब्लेड, सगळं सांगितलं. “माझी बायको खोटी पडली नव्हती. मी तिला पाडलं होतं.”

 मग तळमजल्यावरच्या काकू ओरडल्या, “म्हणजे बाई ओरिजिनल, नवरा डुप्लिकेट!”

“नवरा ओरिजिनलच आहे, काकू,” मागून हिचा आवाज आला. “कड तेवढी कापलेली होती.”

हशा थांबायच्या आत ती स्टेजवर होती. माझ्या हातातून माइक घेतला आणि साउंडवाल्याला सीडी देत म्हणाली, “अकरावं लावा.”

अकरावं म्हणजे तेच, गायिका नसलेलं बोनस. ज्याला मी फुकट गेलेली पाच मिनिटं म्हणत होतो, त्यावर ती मी कामावर गेल्यावर रोज दुपारी सराव करत होती. आठवं गाणं तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गायलं, एकदाही न अडखळता. दुसऱ्या कडव्याला काकूच टाळ्यांचा ठेका धरून बसल्या.

गाणं संपलं, आणि मंडपात सगळ्यांत मोठ्याने “वन्स मोअर!” कोण ओरडलं म्हणता?

मी.