भावजींचे दात आणि आज्जींची तबकडी

जगातल्या सर्व माणसांना घड्याळात पाहिल्यावर किती वाजले ते कळते. माझ्या ताईच्या यजमानांना, म्हणजे आमच्या भावजींना, ते आजतागायत कळलेले नाही. त्यांना फक्त तबकडी दिसते. तमिळ मुलखातल्या, वेस्ट मांबलमच्या त्यांच्या घरात खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळांनी कपाट भरले आहे. "किती वाजले?" असे विचारल्यास ते भिंग डोळ्याला लावतात आणि गंभीरपणे "एनॅमल" असे उत्तर देतात. या गृहस्थांनी रेल्वेत नोकरी केली आणि तरीही गाड्या धावत राहिल्या, याचे श्रेय इतर कर्मचाऱ्यांना दिले पाहिजे.

येथे थोडे स्पष्टीकरण देणे इष्ट. ज्या पांढऱ्याशुभ्र तबकडीला लोक चिनी मातीची म्हणतात, ती वस्तुतः तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून केलेली असते, हेच एनॅमल. दुसरी असते रंग दिलेल्या धातूची. तिसरी सेल्युलॉइडची, ज्याचे पूर्वी कंगवे होत. ती कालांतराने पिवळी पडते. एनॅमल पिवळे पडत नाही, मात्र त्याला केसासारखा तडा जातो. म्हणून तडा दिसला की भावजी मालकाचे अभिनंदन करतात आणि तबकडी निर्दोष असली तर त्याचे सांत्वन. भिंग जवळ नसल्यास ते डोळे मिटून तबकडी पुढच्या दातांना टेकवतात: काच थंड व टणक लागते, सेल्युलॉइड कोमट व मऊ. दंतवैद्याने ते दात काढायला सांगितले, तेव्हा "डॉक्टर, ही माझी उपकरणं आहेत," असे सांगून ते खुर्चीवरून उठून आले.

माझ्या भाचीने अण्णा नगरच्या एका तंजावर मराठी घरातला मुलगा पसंत केला. सर्वांची संमती होती. अडले होते ते मुलाच्या आज्जींपाशी. महाराष्ट्रातून आलेल्या माणसांना जुन्याचा मान नसतो, असे त्यांचे ठाम मत होते. आज्जींना भेटायला निघताना ताईने बजावले, "अहो, भिंग घरी ठेवा. आणि शुभ कार्यात तडा हा शब्द तोंडातून काढायचा नाही!"

कॉफी झाली. आज्जींनी रेशमी कापडात गुंडाळलेले घड्याळ आणले. "आमच्या मामंजींचं. असल चिनी मातीचं अहे!"

भावजींचा हात पुढे झाला. ताईने खाकरून पाहिले, पण व्यर्थ. त्यांनी नखाने काच उघडली, डोळे मिटले आणि घड्याळ तोंडाशी नेले. भाचीचा चेहरा उतरला.

"अय्यो!" आज्जींच्या डोळ्यांत पाणी आले. "आमच्या पोरांनी हे कधी हातात धरलं नाही. आणि हा माणूस देवासारखं ओठाला लावतो, पा! सेरी, ठरलं. मुहूर्त काढा."

परतताना रिक्षात ताईने विचारले, "काय निघालं?"

"सेल्युलॉइड. खरं सांगायला हवं होतं गं."

"सांगा की! आणि लेकीचं लग्न मोडा."

तेव्हापासून प्रत्येक पोंगलला आज्जी ते घड्याळ ताटलीत ठेवून भावजींपुढे धरू लागल्या, आणि ज्यांच्या दातांनी कधी खोटे सांगितले नव्हते ते भावजी निमूटपणे वाकू लागले. ताई तेवढा वेळ भिंतीवरचे कॅलेंडर अत्यंत लक्षपूर्वक वाचत असे.

यंदा मीही सोबत गेले होते. आज्जी आता अंथरुणाला खिळल्या आहेत. नातवालाही नेहमी ओळखत नाहीत. भावजींचा आवाज ऐकताच मात्र त्यांचा हात उशीखाली गेला. घड्याळ बाहेर आले. भावजींनी काच उघडली, डोळे मिटले आणि ते तोंडाशी नेले. दात टेकतात का, ते मी बारकाईने पाहिले. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.